नाकारण्याचे कारण कोणी सांगायचे?

परराष्ट्र सेवेच्या 1961 च्या नियमांत स्त्री अधिकाऱ्यांसाठी एक खास कलम होते. सेवेतल्या स्त्रीने लग्न करण्यापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यायची. लग्नानंतर तिच्या घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येतील असे सरकारला वाटले, तर तिला केव्हाही राजीनामा द्यायला सांगता येईल. आणखी एका नियमाने विवाहित स्त्रीचा या सेवेतल्या नेमणुकीवरचा हक्कच काढून घेतला होता. पुरुषांना यातले काहीही लागू नव्हते. या सेवेत आलेल्या पहिल्या स्त्री सी. बी. मुथम्मा यांना वरच्या श्रेणीतली बढती नाकारली गेली, तेव्हा त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1979 साली न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निकालपत्रात या नियमांची पिसे काढली. याचिका मात्र फेटाळली गेली, कारण सुनावणी होईपर्यंत सरकारने बढती देऊन टाकली होती, एक नियम रद्द झाला होता आणि दुसरा रद्द करत असल्याचे सरकारने सांगितले होते. न्यायालयाने त्यांच्या ज्येष्ठतेचा फेरविचार करायला सांगितले आणि प्रकरण मिटवले. नोकरीतल्या भेदभावाचा खटला भारतात कसा चालतो, हे या एका प्रकरणात बरेचसे दिसते. नियमावर बोट ठेवता आले म्हणून न्यायालयाला बोलता आले. बढती नाकारणाऱ्यांच्या मनात आकस होता का, या त्यांच्या मूळ तक्रारीचा निवाडा झालाच नाही.

या विषयावरचे गेल्या चार-पाच दशकांतले गाजलेले निकाल एकापुढे एक ठेवून वाचले, की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. तक्रारदार जिंकला तो बहुतेक वेळा मालकाच्याच कागदामुळे. भेदभाव नियमात, परिपत्रकात, करारात किंवा छापील अर्जात लिहिलेला होता, म्हणून तो सिद्ध करावा लागला नाही. तो फक्त वाचून दाखवावा लागला. आणि जो भेदभाव कोणी लिहून ठेवत नाही, तो आपल्या न्यायालयांपर्यंत जवळजवळ पोचतच नाही. माझ्या मते याचा दोष न्यायाधीशांच्या वृत्तीत शोधण्यापेक्षा खटल्याच्या रचनेत शोधायला हवा. नाकारलेल्या माणसाने नाकारण्याचे कारण सिद्ध करायचे, आणि ते कारण ज्याला ठाऊक आहे त्याने गप्प बसायचे, ही ती रचना आहे. ती बदलल्याशिवाय समानतेची कलमे कितीही वाढवली तरी फारसा फरक पडणार नाही.

एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचे प्रकरण घ्या. कंपनीच्या सेवाशर्तींतल्या 46 व्या विनियमाप्रमाणे हवाई सुंदरीने वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास तेव्हा, किंवा पहिल्यांदा गरोदर राहिल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा निवृत्त व्हायचे होते. 47 व्या विनियमाने मुदत वाढवण्याचा अधिकार व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर सोडला होता. त्याच विमानात काम करणारे पुरुष पर्सर अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत नोकरीत राहत. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाले आणि ऑगस्ट 1981 मध्ये निकाल लागला. गरोदरपणाची अट आणि संचालकांचा अनिर्बंध अधिकार न्यायालयाने रद्द केला. पस्तिसाव्या वर्षाची आणि चार वर्षे लग्न न करण्याची अट मात्र कायम ठेवली. पुरुष पर्सर आणि हवाई सुंदरी हे दोन वेगळे संवर्ग आहेत, त्यांची भरती वेगळी, बढतीचे मार्ग वेगळे, म्हणून त्यांची तुलनाच करता येत नाही, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद आजही बारकाईने वाचण्यासारखा आहे. ते संवर्ग वेगळे केले कोणी? मालकानेच. स्त्रियांसाठी एक खाते उघडायचे, पुरुषांसाठी दुसरे, आणि मग खातीच वेगळी म्हणून तुलना नको म्हणायचे. ज्या भेदाबद्दल तक्रार आहे, तोच भेद बचाव म्हणून मान्य झाला. म्हणजे कागद तक्रारदाराच्या बाजूने असतानाही अर्धीच बाजी हाती लागली.

सहा वर्षांनी, मार्च 1987 मध्ये, हाच बचाव टिकला नाही. मॅकिनन मॅकेन्झी या मुंबईतल्या कंपनीत ऑड्री डिकॉस्टा या स्टेनोग्राफर होत्या, हुद्दा ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’. पुरुष स्टेनोग्राफरना त्यांच्यापेक्षा जास्त पगार होता. 1977 मध्ये नोकरी संपल्यावर त्यांनी समान वेतन कायद्याखाली फरकाची मागणी केली. पहिल्या अधिकाऱ्याने ती फेटाळली, अपिलात ती मान्य झाली आणि मग उच्च न्यायालयामार्गे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. कंपनीचे म्हणणे असे, की या स्टेनोग्राफर वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली खास काम करतात, तसे काम करणारा एकही पुरुष नाही, मग तुलना कोणाशी करणार? शिवाय पगार संघटनेशी झालेल्या करारानुसारच ठरला होता. न्या. ई. एस. वेंकटरामय्या यांनी दोन्ही मुद्दे नाकारले. विशिष्ट काम फक्त बायकांनाच द्यायचे ठरवले तर तिथे पुरुष सापडणार कसा? पाहायचे ते काम एकसारखे किंवा त्याच स्वरूपाचे आहे का, एवढेच, आणि तेही ढोबळ, व्यवहारी नजरेने. समान पगार देण्याची आपली ऐपत नाही, हेही कंपनीने सांगून पाहिले. कायदा मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नसतो, असे उत्तर मिळाले. पण हे सगळे शक्य झाले, कारण पगाराचे दोन दर करारात आकड्यांनिशी लिहिलेले होते. पुरुष आणि स्त्री स्टेनोग्राफरच्या वेतनश्रेणी शेजारी शेजारी ठेवता येत होत्या. तरीही दहा वर्षे लागली.

पुढची प्रकरणे भराभर पाहिली तरी चित्र तेच राहते. आयुर्विमा महामंडळाच्या एका परिवीक्षाधीन कर्मचारी स्त्रीला काढले गेले, तेव्हा 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आला तो महामंडळाचा छापील अर्ज. त्यात मासिक पाळी, गर्भपात, गर्भारपण यांची माहिती विचारणारे रकाने होते. न्यायालयाने बाईंना परत घ्यायला आणि ते रकाने काढून टाकायला सांगितले. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका सार्वजनिक उपक्रमातला रोजंदारी कामगार उभा राहिला. एचआयव्हीची चाचणी सकारात्मक आली म्हणून त्याला कायम करायला नकार मिळाला होता. न्यायालयाने त्याचे नाव गुप्त ठेवू दिले. खटल्याच्या शीर्षकात तो ‘एमएक्स’ आणि मालक ‘झेडवाय’ आहेत. काम करण्याइतका तो तंदुरुस्त होता, म्हणून त्याला परत घ्यायचा आणि 40,000 रुपये द्यायचा आदेश झाला. चारू खुराना प्रकरणात मुंबईतल्या सिने मेकअप कलाकारांच्या संघटनेचे नियमच बायकांना मेकअप आर्टिस्टचे कार्ड नाकारत होते. त्यांना फक्त हेअर ड्रेसरचे कार्ड मिळे. नोव्हेंबर 2014 मध्ये ते नियम रद्द झाले. लष्करी परिचर्या सेवेतल्या सेलिना जॉन यांना लग्न केले म्हणून 1988 मध्ये काढले, तेही 1977 च्या एका लष्करी सूचनेच्या आधारे. ती सूचना 1995 मध्ये मागे घेतली गेली आणि त्यांना 60 लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो फेब्रुवारी 2024 मध्ये. अर्ज, चाचणीचा अहवाल, संघटनेचे नियम, लष्करी सूचना: प्रत्येक वेळी पुरावा समोरच्याच्या दप्तरात होता आणि त्यावर त्याचीच सही होती.

आता न लिहिलेल्या भेदभावाकडे वळू. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल अटेवेल यांनी 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांनी वृत्तपत्रांत दिलेल्या 548 जाहिरातींना त्यांनी 66 आठवडे अर्ज पाठवले, एकूण 4,808. शिक्षण आणि पात्रता तीच, बदलत होते ते नाव. एका अर्जावर उच्चवर्णीय हिंदू वाटेल असे, दुसऱ्यावर दलित, तिसऱ्यावर मुस्लीम. पुढच्या फेरीला बोलावले जाण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लीम नावाला जेमतेम एक-तृतीयांश भरली. या आकड्यांइतकीच मला महत्त्वाची वाटते ती ते हाती लागण्याची पद्धत. सगळे अर्ज एकाच टेबलावर होते, म्हणून फरक दिसला. यातला एखादा अर्ज खऱ्या तरुणाचा असता, तर त्याला काय कळले असते? उत्तर आले नाही, एवढेच. दुसऱ्या कोणाला बोलावले, त्याचे गुण किती होते, चाळणी कोणी लावली, यातले काहीच त्याच्यापर्यंत येत नाही. आपल्यावर अन्याय झाला हेच ज्याला कळण्याची सोय नाही, तो वकील कशासाठी गाठणार?

समजा त्याला संशय आला आणि दाद मागायचीच असे त्याने ठरवले. सरकारी नोकरी असेल तर वाट मळलेली आहे. राज्यघटनेची 14, 15 आणि 16 ही कलमे सरकारला बांधतात. केंद्राचा कर्मचारी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात (कॅट), राज्याचा महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात (मॅट) जातो, तिथून उच्च न्यायालयात. माहिती अधिकाराखाली गुणपत्रके, निवड समितीच्या नोंदी मागता येतात. खासगी कंपनीचा उंबरठा ओलांडला की यातले बरेचसे गळून पडते. कलम 16 तिथे लागू नाही, माहिती अधिकार नाही. कामावरून काढलेला माणूस ‘कामगार’ या व्याख्येत बसला तर त्याला औद्योगिक विवाद म्हणून दाद मागता येते. महाराष्ट्रात 1971 च्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या कायद्याने गुणवत्तेकडे न पाहता एका गटाला झुकते माप देणे ही अनुचित प्रथा ठरवली, आणि तिची तक्रार करायला 90 दिवसांची मुदत दिली. पण हे सगळे कामावर असलेल्या किंवा काढलेल्या माणसासाठी. ज्याला घेतलेच नाही त्याचे काय? आणि काढलेला माणूस व्यवस्थापक असेल, तर त्याला दिवाणी न्यायालयात फक्त नुकसानभरपाई मागता येते. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीने चालू ठेवत नाही, म्हणून नोकरी परत मिळत नाही आणि भरपाईही बहुधा नोटिशीच्या काळातल्या पगारापुढे जात नाही. एवढ्यासाठी वर्षानुवर्षे तारखा कोण घेईल?

कायदे अजिबात नाहीत असे नाही. समान वेतन कायदा 1976 चा, आता त्याची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेने घेतली आहे. तिने लिंगावरून वेतनात आणि भरतीत भेद करायला मनाई केली आहे. अपंगत्वासाठी 2016 चा, एचआयव्हीसाठी 2017 चा, पारलिंगी व्यक्तींसाठी 2019 चा कायदा आहे. अस्पृश्यतेवरून काम नाकारणे 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा ठरवले. धर्मावरून खासगी नोकरी नाकारली तर मात्र त्यासाठी वेगळा दिवाणी कायदा नाही. 2015 मध्ये मुंबईतल्या एका हिरे निर्यातदार कंपनीने एका तरुणाला ईमेलने कळवले, की आम्ही फक्त मुस्लिमेतर उमेदवारच घेतो. पुरावा लेखी, कबुली उघड. तरीही पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागला तो राष्ट्रीय एकात्मतेला बाधा आणण्याबाबतच्या कलमाखाली. नोकरी नाकारली गेलेल्या माणसाचे नुकसान भरून काढायला त्या कलमाचा काहीच उपयोग नाही. हा अनुभव काय शिकवतो, हे कंपन्यांना सांगायला नको. त्या ईमेलनंतर कारण लेखी देण्याची चूक फारसे कोणी करणार नाही.

अमेरिकेत हा प्रश्न 1964 च्या नागरी हक्क कायद्याने सोडवायला घेतला. तिथे भेदभावाचा दावा थेट न्यायालयात जात नाही. आधी समान रोजगार संधी आयोगाकडे 180 दिवसांत तक्रार, काही राज्यांत 300 दिवसांत, आणि आयोगाकडून दावा लावण्याचे पत्र मिळाल्यावर न्यायालय. पण खरी कळ आहे ती 1973 च्या मॅकडॉनल डग्लस विरुद्ध ग्रीन या निकालात. पर्सी ग्रीन हा सेंट लुईसमधल्या विमान कारखान्यातला कृष्णवर्णीय मेकॅनिक. कपातीत त्याची नोकरी गेली. त्याने कंपनीच्या भरतीच्या धोरणाविरुद्ध आंदोलने केली, कारखान्याकडे जाणारे रस्ते गाड्या उभ्या करून अडवले. पुढे जाहिरात आली तेव्हा त्याने पुन्हा अर्ज केला आणि तो नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांसाठी पायऱ्या ठरवून दिल्या. तक्रारदाराने एवढेच दाखवायचे: तो संरक्षित गटातला आहे, पात्र होता, अर्ज केला, नाकारला गेला, आणि त्यानंतरही ती जागा भरण्याचे काम चालूच राहिले. एवढे झाले की मालकाने आपले कारण न्यायालयात मांडायचे. मग ते कारण खरे आहे की बहाणा, हे तक्रारदाराने तपासायचे. आणि तपासण्यासाठी त्याला समोरच्याची कागदपत्रे मागता येतात: इतर उमेदवारांचे अर्ज, पगारपत्रके, अंतर्गत पत्रव्यवहार. मनातला हेतू कोणालाच थेट दिसत नाही. न्यायालयाने मालकाला कारण सांगायला भाग पाडले आणि ते कारण उलटतपासणीला उभे केले. या निकालात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

1971 चा ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर हा निकाल दुसऱ्या बाजूने येतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या या वीजकेंद्रात कृष्णवर्णीयांना फक्त मजुरी विभागात घेत. 2 जुलै 1965 या दिवशी, म्हणजे कायदा लागू झाला त्याच दिवशी, कंपनीने इतर विभागांसाठी दोन लेखी बुद्धिचाचण्यांची अट आणली. त्याआधीच शाळेच्या प्रमाणपत्राची अट होती. वर्ण कुठेच लिहिलेला नव्हता. तेरा कर्मचारी न्यायालयात गेले आणि न्यायालयाने ठरवले, की अट वरून सरसकट असली तरी तिचा फटका एकाच गटाला बसत असेल आणि कामाशी तिचा संबंध मालकाला दाखवता येत नसेल, तर ती चालणार नाही. हेतू सिद्ध करण्याची गरजच नाही.

आपल्याकडेही कारण सांगण्याचा भार मालकावर टाकावा, अशी मागणी केली की पहिला आक्षेप ठरलेला असतो: असे केले तर खोट्या दाव्यांचा पूर येईल, नाकारलेला प्रत्येक उमेदवार न्यायालयात उभा राहील. ग्रीनचे पुढे काय झाले ते पाहावे. पायऱ्या त्याच्या नावाने घातल्या गेल्या, पण प्रकरण खालच्या न्यायालयात परत गेले तेव्हा तो हरला. रस्ते अडवणे हे कंपनीचे कारण खरे मानले गेले. कारण सांगण्याची जबाबदारी मालकावर टाकली म्हणजे मालक हरतो असे नाही. ज्याच्याकडे खरे कारण आहे, त्याला ते सांगायला एक शपथपत्र पुरते. शिवाय आधी आयोगाची चाळणी लावता येते.

दुसरा आक्षेप खासगी मालकाच्या स्वातंत्र्याचा: आपल्या पैशाने कोणाला कामावर ठेवायचे हे त्याने ठरवावे, सरकारने कशाला नाक खुपसायचे? पण खासगी कार्यालयात आपण केव्हाच शिरलो आहोत. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला काढता येत नाही, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली. हे सगळे खासगी मालकांना लागू आहे आणि उद्योग बंद पडले नाहीत. आणि पुराव्याचा भार उलटा करणे हे कुठून तरी उसने आणलेले खूळ आहे म्हणावे, तर 1955 च्याच नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम 12 पाहा. अनुसूचित जातीच्या माणसाबाबत त्या कायद्याखालचा गुन्हा घडला, तर तो अस्पृश्यतेमुळेच घडला असे न्यायालयाने गृहीत धरायचे, उलट सिद्ध होईपर्यंत. आरोपीला तुरुंगात पाठवणाऱ्या फौजदारी कायद्यात हे गृहीतक चालते, तर फक्त भरपाई आणि नोकरी देणाऱ्या दिवाणी कायद्यात ते का चालू नये? जी गोष्ट एकाच पक्षाला खास ठाऊक आहे ती त्यानेच सिद्ध करावी, हे तर आपल्या पुरावा कायद्यात पूर्वीपासून आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. आपल्याकडे बहुतेक माणसे नेमणूकपत्राशिवाय काम करतात. मजूर नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बाईला कोणता अर्ज आणि कोणती निवड प्रक्रिया? खरे आहे. माझी मागणी तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि तिच्यासाठी वेगळे काही करावे लागेल हे मला मान्य आहे. अमेरिकेचा कायदाही पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांनाच लागू आहे. पण आपल्याकडचे सुशिक्षित तरुण ज्या बँका, सॉफ्टवेअर कंपन्या, रुग्णालये, शाळा यांच्याकडे अर्ज करतात, तिथे अर्ज संगणकात जमा होतात, चाळणीचे निकष ठरतात, मुलाखतीचे गुण नोंदले जातात. कागद तिथे आहे. फक्त तो मागण्याचा हक्क नाही. आणि आरक्षण असताना हे कशाला, असे विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की आरक्षण सरकारी जागांचे आहे. थोरात-अटेवेल यांनी अर्ज पाठवले ते खासगी कंपन्यांना.

आपली न्यायालये या दिशेने जायला तयार आहेत, याची खूण मार्च 2021 च्या लेफ्टनंट कर्नल नितिशा प्रकरणात दिसते. वर्षभरापूर्वी, फेब्रुवारी 2020 मध्ये, बबिता पुनिया निकालाने लष्करातल्या स्त्रियांना कायम कमिशनचा हक्क दिला होता. लष्कराने मग निवडीचे निकष लावले, तेच जे पुरुषांना होते. पण त्यांतली वैद्यकीय कसोटी पुरुष अधिकारी नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी देत आले होते. या बायकांना ती चाळिशी-पन्नाशीत द्यावी लागत होती, कारण आधी त्यांना संधीच नव्हती. त्यांचे गोपनीय अहवालही निष्काळजीपणे लिहिले गेले होते, कारण त्यांना पुढे जायचेच नाही असे लिहिणाऱ्यांनी धरून चालले होते. निकष सर्वांना सारखा, परिणाम विषम. हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे असे सर्वोच्च न्यायालयाने मानले, आणि कोणाचा हेतू वाईट होता का हे विचारण्याची गरज ठेवली नाही. ग्रिग्जचा विचार पन्नास वर्षांनी आपल्या न्यायशास्त्रात आला. तो आला मात्र सरकारविरुद्धच्या प्रकरणात, जिथे अहवाल, गुणांकन, वैद्यकीय नोंदी न्यायालयासमोर मांडता आल्या.

तो खासगी क्षेत्रात नेण्यासाठी काय लागेल, याचा विचार कोणी केलेलाच नाही असे नाही. सच्चर समितीने 2006 मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली. शशी थरूर यांनी भेदभावविरोधी सर्वसमावेशक कायद्याचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. दोन्ही पुढे गेले नाहीत. माझ्या दृष्टीने विधेयकाच्या भल्यामोठ्या व्याख्यांपेक्षा तीन साध्या गोष्टी आधी हव्यात. ठरावीक आकाराच्या प्रत्येक मालकाने अर्ज आणि निवडीच्या नोंदी किमान वर्षभर जपाव्यात, अमेरिकेतल्या मालकांना त्या जपाव्याच लागतात. नाकारलेल्या उमेदवाराने लेखी विचारले तर निवडलेल्याची पात्रता आणि नाकारण्याचे कारण त्याला कळवावे. आणि प्राथमिक बाब सिद्ध झाल्यावर कारण सांगण्याचा भार मालकावर जावा.

पगाराच्या बाबतीत हे किती निकडीचे आहे, ते लिली लेडबेटर यांच्या प्रकरणात दिसते. अलाबामातल्या गुडइयर टायरच्या कारखान्यात त्या एकोणीस वर्षे होत्या. शेवटी त्यांचा महिन्याचा पगार 3,727 डॉलर होता, त्याच हुद्द्यावरच्या सर्वांत कमी पगाराच्या पुरुषाचा 4,286. हे त्यांना कळले ते कोणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली म्हणून. 2007 मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयात हरल्या, कारण पगार ठरवण्याचा निर्णय झाल्यापासून 180 दिवसांत तक्रार करायला हवी होती. अमेरिकेच्या संसदेने 2009 मध्ये कायदाच बदलला. आता कमी पगाराचा प्रत्येक धनादेश नवा भेदभाव मानला जातो आणि मुदत तिथून मोजली जाते. आपल्या वेतन संहितेत समान पगाराची हमी आहे, पण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला किती मिळतात हे विचारण्याचा हक्क ती कर्मचाऱ्याला देत नाही.